उलांडी मुरेपर्यंत

“अजून मुरूक नाय,” अर्जुन मेस्त म्हणाले आणि पाण्यातला पांगाऱ्याचा ओंडका त्यांनी पायाच्या अंगठ्याने ढकलला. ओंडक्याने खुशाल एक गिरकी घेतली आणि तो पुन्हा डुलायला लागला. जरासा पाण्यात, बाकी सगळा वर.

“मागच्या खेपेक पण हाच बोल्लात तुमी,” मी म्हटलं.

“मागच्या खेपेक पण मुरूक नव्हतो.”

“मगे कधी मुरतलो?”

मेस्तांनी विडी पेटवली. होडी बांधणारा माणूस कधीच घाईत नसतो, आणि मी तेव्हा घाईशिवाय दुसरं काहीच नव्हते. “पांगाऱ्याक तुझ्या लग्नाची तारीख ठावक नाय गो शालन,” ते म्हणाले.

माझ्या मागे कोरड्या वाळूत उभी असलेली आये हसली. मला हसू आलं नाही. भात शिजला का बघायला दहा वेळा झाकण काढणारी मी. आणि माझं अख्खं आयुष्य त्या ओंडक्याच्या मर्जीवर येऊन बसलं होतं.

ज्यांनी उलांडी पाहिली नाही त्यांना एवढं सांगायला हवं. आमच्या खाडीतल्या जुन्या होड्या अरुंद. एका बाजूला जरा जास्त वाकलं की उलटणाऱ्या. म्हणून होडीच्या डाव्या अंगाने दोन बांबू आडवे बाहेर काढायचे आणि त्यांच्या टोकांना होडीच्या बरोबरीने एक लांब, तासलेला ओंडका बांधायचा. तो पाण्यावर होडीसोबत चालतो. तीच उलांडी. इंजिनाच्या रुंद फायबर होड्या आल्यापासून वाडीतल्या उलांड्या चुलीत गेल्या होत्या. आमची होडी मात्र बापसाच्या वेळची, तशीच अरुंद राहिली होती.

आणि त्या होडीची उलांडी म्हणजे मी होते.

माझा भाऊ दिगंबर, दिगू, माझ्याहून लहान. पोलिओने त्याचा उजवा पाय वाळलेला. खांदे आणि हात मात्र असे की दुसऱ्याचं अडकलेलं जाळं ओढायलाही लोक त्याला हाक मारत. पण जाळं होडीच्या उजव्या बाजूने वर घेताना गुडघा कडेला रोवून धरावा लागतो, आणि त्याचा तोच गुडघा कामाचा नव्हता. जाळं जड झालं की होडी उजवीकडे झोपायची. म्हणून तो ओढायला लागला की मी डाव्या फळीवर बसून, दोरी धरून, पाठ पाण्यावर झोकून द्यायची. बास, एवढंच माझं काम. वजन होऊन राहायचं.

आमच्यात मुली होडीत बसत नसत. सुरुवातीला लोक कुजबुजले, मग सवय झाली, मग चेष्टा सुरू झाली. “शालन, चार घास जास्त खा गो, म्हणजे दिगूच्या जाळ्यात तांबोशी मोठी गावतली,” अशी. मीही उलट उत्तर द्यायची. उलट उत्तरं देता देता विशी सरली आणि तिशी समोर दिसायला लागली.

त्या वर्षी गणपतीआधी वेंगुर्ल्याहून विश्राम मला बघायला आला. बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. त्या दिवशी जाळं अडकल्यामुळे मला उशीर झाला, आणि मी होडीतून उतरले ती सरळ पाहुण्यांच्या समोर. कमरेपर्यंत ओली, हाताला माशांचा वास. त्याच्या आईने नाक मुरडलं. त्याने एकच प्रश्न विचारला, “पोहायला येतं?”

“येतं.”

“मला येत नाही,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मी तिथल्या तिथे ठरवलं. करायचं तर ह्याच्याशीच.

त्याच्या आईचा निरोप मात्र साफ होता. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्ताला उभं करा. यंदा जमत नसेल तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. आये सगळ्या वाडीत माझ्या लग्नाचं सांगत फिरली. माझ्या डोळ्यासमोर मात्र दुसरंच. मी गेले की डाव्या फळीवर कोण? दिगू घरापुढच्या खळ्यात बसून लोकांची फाटकी जाळी विणेल आणि संध्याकाळी कुणी दोन मासे टाकेल त्याची वाट बघेल? तो तसा जगला नसता. दोन दिवसांत एकटा होडी घेऊन गेला असता, आणि तीच आमच्या घरातली सगळ्यांत मोठी भीती होती. बापूस एका श्रावणात एकटाच खाडीच्या तोंडाशी गेला होता. होडी परत आली. तो आला नाही.

तेव्हापासून आये पाण्यात पाय घालत नसे. आम्ही परत आलो की ती कोरड्या वाळूत टोपली घेऊन उभी. मासे तिथवर आम्ही आणून द्यायचे. लाट पुढे सरकली की ती मागे सरकायची.

उलांडीची कल्पना माझीच. दिगू म्हणाला, “बघ बाय, तुका जमता ता कर.” मेस्तांनी पांगारा पाडून तासून दिला आणि बजावलं, खाडीत मुरत घाला. पांगारा हलका, कापसासारखा. त्याने पाणी प्यायला पाहिजे, अर्धा बुडून अर्धा वर राहायला पाहिजे, मगच तो बांधायचा.

मला धीर नव्हता. “मेस्तानू, तेलाचे दोन रिकामे डबे बांदले तर? तरंगतत तरी.”

“तरंगतत, खरा आसा. होडी डावीकडे कलली तर वर रेटतले पण. पण दिगू जाळा खयच्या बाजून ओढता?”

“उजव्या.”

“मगे? होडी उजवीकडे झोपतली आनि डबे हवेत उडतले. रिकामो डबो होडयेक खाली धरतलो काय? थय पाण्यार रवणारा पण वजन आसणारा कायतरी व्हया.”

“म्हणजे माज्यासारख्या.”

“तुज्यासारख्या. पण गप बसणारा.”

मी ओंडका खारफुटीच्या मुळाला बांधला. तो बुडून राहावा म्हणून जुन्या जाळ्याच्या तुकड्यात दगड भरले आणि ते त्याच्यावर लादले. रोज सकाळी होडीवर जायच्या आधी बघायची, दुपारी जेवण टाकून बघायची. आणि रोज तेच. दगड तळाशी चिखलात, ओंडका वर, पाठ उन्हात कोरडी ठणठणीत. मी पुन्हा दगड चढवायची. काथ्याऐवजी नायलॉनची दोरी आणली. गाठी मारल्या, गाठींवर गाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी गाठी सुटलेल्या.

ओहोटीला शिव्या घातल्या. वाडीतल्या पोरांच्या पाठीमागे धावले. रात्री अंथरुणावर पडले की ओंडका डुलताना दिसायचा. घरात कुठेही बसले तरी पाय हलायचे, आये म्हणायची, “स्वस्थ बस गो, घर हलता तुज्या पायांनी.” नवरात्र सरलं. दसऱ्याला दारात तोरण लागलं. मेस्त पुन्हा येऊन गेले आणि पुन्हा तेच म्हणाले. वेंगुर्ल्याहून पुन्हा निरोप आला: काय ठरलं?

एका सकाळी मी दिगूवरच उखडले. “तूच सोडतस दगड. तुका मी जावक नको.”

तो जाळ्यातून शेवाळ काढत होता. हात थांबले. “बाय, थय मांडीइतको चिखल आसा,” तो म्हणाला. “ह्या पायान माका थय उतरता येता काय, तूच सांग.”

नाहीच येत. राग तसाच राहिला, फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

दिवाळीच्या तोंडावर मी ब्लाउजची मापं द्यायला बाजाराच्या गावी निघाले. आये म्हणाली, “सावकाश ये, घाई करू नको.” एसटी पुलापलीकडे जाऊन बंद पडली. दुसरी येईपर्यंत थांबणं माझ्याच्याने झालं नाही. पुलावरून चालत परत आले. दुपारची वेळ, वाडीत सामसूम. घरी न जाता मी आधी ओंडका बघायला वळले.

पाण्यात कुणीतरी होतं. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून, वाकून, एकेक दगड काढत होतं. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला.

आये होती.

जी बाई लाट आली की मागे सरकायची, ती कमरेइतक्या पाण्यात. मला आधी भीतीच वाटली, की हिला काय झालंय. मग तिच्या हातातला दगड दिसला.

“आये! काय करतस?”

तिने वर पाहिलं. दगड लपवला नाही. “दगड काढतंय.”

“कित्याक?”

“कित्याक म्हणान इचारतस?”

“सगळ्या वाडीक माज्या लग्नाचा सांगत फिरतस, आनि हय येवन ह्या करतस?”

“तुझा लग्न होवकच व्हया. माका पण व्हया.” तिने दगड हातातून सोडला. “पण ह्यो ओंडको बसलो काय दिगू एकटो जातलो. एकटो गेलेलो एक बघलंय मी. दुसऱ्याक बघूचंय नाय. तोवर म्हटला, जितके दिवस मुरणा नाय तितके दिवस…”

“आनि मी? मी जल्मभर त्या फळयेर बसान रवू?”

पाणी तिच्या कमरेभोवती संथ फिरत होतं. मग ती बोलली, ते अगदी हळू.

“तुका दोन पाय आसत गो. तू खय पण जाशीत. आज नाय तर उद्या जाशीत. तेका खय जागा आसा?”

मला इतका राग कधीच आला नव्हता. त्या रागात तिची कीवही होती, आणि त्यामुळे तो आणखीच भडकला. “दोन पाय आसत तर बांद ते!” मी ओरडले. “दगडाबरोबर माकाच बांद थय! मी बुडलंय काय उलांडी झाली तुमची!”

मागे चिऱ्याच्या पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. दिगू वरच्या पायरीवर उभा होता. कधीपासून, कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की पायांचं त्याने ऐकलं होतं.

“मेस्ताक बोलव,” तो मला म्हणाला. आयेकडे त्याने बघितलं नाही. “उद्या सकाळी उलांडी बांदुची.”

“मुरूक नाय ती.”

“नाय तर नाय. आनि उद्या तू वाळूर उभी रवायची. होडयेत येवचा नाय.”

त्या संध्याकाळी आयेने मुडदुशे मासे तळले आणि नेहमीसारखं पहिल्यांदा दिगूला वाढलं. त्याने ताट माझ्याकडे सरकवलं. मी ते परत आयेकडे सरकवलं. शेवटी मांजर तेवढं पोटभर जेवलं.

सकाळी मेस्त आले. कुरकुरत, वाडीतल्या सगळ्या देवांना साक्षी ठेवत त्यांनी बांबू आडवे घातले, काथ्याने ओंडका बांधला, ओढून पाहिला. “माझ्या नावान बोंब मारू नको हां दिगू. मी सांगलंय. अजून मुरूक नाय.”

दिगू होडीत चढला. मी वाळूत उभी. हातांनी काय करावं ते कळेना म्हणून पदराचं टोक चावत राहिले. आये माझ्यापासून थोडी दूर, तिच्या नेहमीच्या कोरड्या जागी.

काठापासून फार लांब नाही, गळाभर पाणी असेल तिथे, त्याने पहाटेच्या भरतीला शेजाऱ्याच्या होडीतून जाळं सोडलं होतं. जाताना तो मुद्दाम डावीकडे झुकला. उलांडी पाण्यात घुसली आणि तिने होडीला वर रेटलं. तो पुन्हा झुकला. पुन्हा रेटलं. त्याने मागे वळून आमच्याकडे बघितलं आणि तो हसला. लहानपणी पहिल्यांदा सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवलं होतं तेव्हा हसला होता, तसा. मी पदर तोंडातून सोडला. वाटलं, मेस्तांना काय कळतं?

मग त्याने उजव्या बाजूने जाळं ओढायला घेतलं.

ओहोटी लागली होती. जाळं शेवाळाने जड झालं होतं, ओढ उलटी होती. पहिले दोन हात बरे आले. तिसऱ्याला होडी उजवीकडे कलली आणि डावीकडची उलांडी पाण्यातून वर आली. थेंब गाळत, हलकी, उचलली गेली.

“सोड!” मी ओरडले. “दिगू, जाळा सोड!”

तो सोडणार नव्हता. ते मला पाठीवरूनच कळलं. दात ओठ खाऊन तो ओढत होता, उजवी कड पाण्याला टेकली, पाणी आत आलं, आणि उलांडी अजून वर, अजून वर. त्याचा उजवा गुडघा दुमडला. तो कडेवर आपटला.

मी धावले. पण माझ्या पुढे कुणीतरी पाण्यात होतं.

मी उलांडीकडे बघत राहिले तेवढ्या वेळात आये छातीइतक्या पाण्यात पोचली होती. काष्टा मारायलाही थांबली नव्हती. लुगडं पाण्यावर फुगलेलं. शेवटचे चार हात ती पोहली. ती पोहू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं. तिने वर गेलेल्या उलांडीला दोन्ही हातांनी धरलं आणि अंगाचा सगळा भार तिला दिला. उलांडी धप्पकन खाली आली. होडी सरळ झाली, आतलं पाणी इकडून तिकडे हिंदकळलं. आये पोटावर बांबूवर चढली, पाय आवळून घेतले, आणि उलांडीच्या टोकावर बसली. केसांतून पाणी गळतंय, कपाळाला चिखल.

दिगू तिच्याकडे बघतच राहिला.

“बघतस काय?” ती ओरडली. “ओढ!”

त्याने ओढलं. ती मागे झुकली. त्याने आणखी ओढलं, ती आणखी झुकली, जशी मी झुकत असे, त्याहून बरी. कधी कुठे भार द्यायचा हे तिला न बघता कळत होतं. इतकी वर्षं ती कोरड्या वाळूत उभी राहून फक्त टोपली सांभाळत नव्हती. आमच्या होडीचा प्रत्येक झोक तिने पाठ केला होता.

सगळं जाळं वर आलं. काळुंदरं होती, दोन तांबोश्या होत्या. होडी काठाला लागली तेव्हा मी गुडघाभर पाण्यात नुसती उभी होते. रडत होते की काय, मला आठवत नाही. आये बांबूवरून उतरली, लुगड्याचा पदर पिळला आणि माझ्यासमोर आली. वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत मारणार, नाहीतर मिठी मारणार. तिने यातलं काहीच केलं नाही.

“लाकूड मुरापर्यंत मी बसतंय,” ती म्हणाली. “तू जा आनि ब्लाउज शिवूक टाक.”

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला माझं लग्न झालं. त्या आधीच्या दिवसांत ओंडक्यावर दगड कुणी चढवले नाहीत. त्यांची गरजच नव्हती. आयेच्या वजनाखाली तो होडीबरोबर रोज भिजत होता. मांडवात जेवून हात पुसताना मेस्त मला म्हणाले, “आता मुरली गो उलांडी. अर्धी आत, अर्धी भायर. बरी बसली.” मी त्यांच्या पाया पडले. मला वाटलं, झालं, सुटलो सगळे.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येऊन परत निघाले तेव्हा एसटी पुलावरून चालली होती. विश्रामने खिडकीतून बोट दाखवलं. “ती तुमचीच होडी ना?”

आमचीच होती. दिगू उजवीकडे वाकून जाळं ओढत होता. उलांडी पाण्यात निम्मी बुडून शहाण्यासारखी चालली होती, एवढीशीही उचलली जात नव्हती. आणि तिच्यावर आये बसली होती, काष्टा घट्ट मारून, पाय पाण्यात सोडून.

पुढेही दर खेपेला पुलावरून मला तीच दिसायची. वजन घटत गेलं, केस पांढरे झाले, तरी तिथेच. दिगूचं लग्न झालं, घरावर कौलांच्या जागी पत्रे आले. त्या काडीसारख्या म्हातारीचा भार उलांडीला जाणवतही नसेल. मी कधी विचारलं नाही. विचारलं तर ती उठून जाईल अशी काहीतरी भीती वाटायची.

आये गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिच्या बाराव्याला सगळे गेल्यावर मी आणि दिगू चिऱ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. समोर होडी ओढून ठेवलेली, उलांडी वाळूत टेकलेली. लाकडावर ती बसायची तेवढी जागा गुळगुळीत झाली होती.

“दिगू,” मी म्हटलं, “उलांडी तर माज्या लग्नाआधीच मुरली होती. मेस्त सोता बोल्ले माका. मगे आयेक इतकी वर्सा कित्याक बसवलंस?”

“मी खय बसवलंय?” तो म्हणाला. “रोज सकाळी माज्या आदी जावन बसलेली आसायची. मी किती वेळा सांगलंय, आये, आता गरज नाय, उतर.”

“मगे?”

त्याने उलांडीवरची वाळू हाताने झाडली.

“म्हणायची, अजून मुरूक नाय.”